सेटिंगची फाइल कुठे असते?

विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबाद-शिवाजीनगरात आणि देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या बाजारपेठांत डीटीपीची, झेरॉक्सची, ऑनलाइन फॉर्म भरण्याची जी दुकाने आहेत, तिथली बरीच जुनी मशीन या अटीत बसत नाहीत. मग नवे मशीन घ्यायचे, नाहीतर आहे त्यावरच पुन्हा विंडोज टाकून वर्ष-दोन वर्षे ढकलायची. दोन्ही वाटांवर एक नुकसान ठरलेले असते, आणि काम अडेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

विंडोज टाकायला आलेला मुलगा आधी विचारतो, “काका, काय काय ठेवायचं?” काकांचे उत्तर पाठ असते: “डेस्कटॉपवरचं सगळं घे, डॉक्युमेंट घे, टॅलीचा डेटा घे. अन् डी ला हात लावू नको.” मुलगा इमानदारीने तेवढे पेनड्राइव्हवर घेतो आणि सी फॉरमॅट मारतो. तासाभरात मशीन नव्यासारखे पळू लागते. दुसऱ्या दिवशी काका टायपिंगला बसतात आणि कळते की सेटिंग गेली.

‘सेटिंग गेली’ म्हणजे नेमके काय गेले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. लातूरमध्ये शिकवणी वर्गांचे मोठे जाळे आहे. त्यांच्या सराव प्रश्नपत्रिका छापायच्या, तर डीटीपी ऑपरेटरला तेच ते वाक्य दिवसातून शेकडो वेळा लिहावे लागते. म्हणून तो वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये स्वतःची लघुरूपे भरतो. ‘खपक’ लिहून स्पेस दिली की ‘खालीलपैकी कोणता पर्याय बरोबर आहे?’ हे पूर्ण वाक्य उमटते. तहसीलसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्याने ‘मतह’ला ‘मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय’ जोडलेले असते. गावांची नावे, आडनावे, ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘वारसनोंद’ असे शब्द शुद्धलेखन तपासणीने लाल रेघ मारू नये म्हणून शब्दसंग्रहात घातलेले असतात. हे कुणी एका बैठकीत बसून केलेले नसते. रोज दोन, रोज चार अशी भर घालत ते वर्षानुवर्षे साठते. कामाचा वेग त्यावरच उभा असतो.

आता हे सगळे मशीनमध्ये असते कुठे? मराठीसाठी केलेली ऑटोकरेक्टची साधी यादी ‘एमएसओ1102.एसीएल’ नावाच्या फाइलीत असते. 1102 हा विंडोजने मराठीला दिलेला भाषाक्रमांक. शब्दसंग्रह ‘कस्टम.डीआयसी’ या फाइलीत, आणि तिचा फोल्डर ‘यूप्रूफ’. ठळक अक्षरासकट, फाँटसकट जतन केलेली लघुरूपे तिसरीकडेच, ‘नॉर्मल.डॉटएम’ या साच्यात. तीन फाइली, तीन फोल्डर. तिन्ही सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’मध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरखाली, ‘अ‍ॅपडेटा’ या फोल्डरच्या पोटात. आणि अ‍ॅपडेटा विंडोजने लपवून ठेवलेला. पंधरा वर्षे वर्ड वापरलेल्या माणसालाही 1102 या आकड्यावरून काही सुचणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

ही अडचण फक्त वर्डची नाही. ज्याला स्वतःची सेटिंग असते अशा जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप सॉफ्टवेअरला ती लागू आहे, आणि तिच्यावर गेली तीस-पस्तीस वर्षे वेगवेगळी उत्तरे शोधली गेली आहेत. त्यातली काही उत्तरेच पुढच्या अडचणींचे मूळ ठरली.

विंडोज 3.1 च्या काळात, म्हणजे 1992 च्या आसपास, सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलीत असे. नाव ‘विन.आयएनआय’ आणि ‘सिस्टिम.आयएनआय’, जागा सरळ विंडोजचाच फोल्डर. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, बदला. ‘सिसएडिट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम अशा चार महत्त्वाच्या फाइली एकदम उघडून देई. सापडण्याच्या दृष्टीने याहून सोपी व्यवस्था नंतर झाली नाही. पण जो तो प्रोग्रॅम विन.आयएनआयमध्ये आपल्या ओळी घुसवू लागला, फाइल फुगत गेली, तिला 64 केबीची मर्यादा होती, आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे बिघडे. एका मशीनवर दोघे काम करत असतील, तर दोघांची सेटिंग वेगळी ठेवायची सोयही नव्हती.

विंडोज 95 पासून सगळा भर रजिस्ट्रीवर आला. सेटिंग एका मोठ्या कोठारात गेली. त्यातला आपला वैयक्तिक भाग ‘एनटीयूजर.डीएटी’ नावाच्या एका फाइलीत असतो, आणि मशीन चालू असताना ती फाइल साध्या कॉपी-पेस्टने उचलता येत नाही. गती, शिस्त, परवानग्या या बाजूंनी रजिस्ट्रीचे फायदे खरे आहेत. वापरणाऱ्याच्या हातातून मात्र फाइलच गेली. आजही जे सॉफ्टवेअर आपली सगळी सेटिंग रजिस्ट्रीत ठेवते, त्याची प्रत काढायला ‘रेजएडिट’ उघडून नेमकी फांदी शोधावी लागते. ते काम सामान्य दुकानदाराचे नाही. त्याला ते शिकवत बसण्यातही अर्थ नाही.

2007 च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात आली आणि आजची मांडणी पक्की झाली. अ‍ॅपडेटाखाली तीन फोल्डर: ‘रोमिंग’, ‘लोकल’ आणि ‘लोकललो’. मोठ्या कचेरीत माणूस कोणत्याही मशीनवर बसला तरी त्याच्यामागे जाणारी सेटिंग रोमिंगमध्ये, त्याच मशीनपुरती असलेली लोकलमध्ये. हजार संगणकांच्या कंपनीसाठी ही विभागणी उत्तम. एका मशीनच्या दुकानात तिचा उपयोग शून्य आणि गोंधळ तिप्पट. त्यातच व्हिस्टाने ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला मज्जाव केला. जुनी सॉफ्टवेअर तिथेच सेटिंग लिहीत. ती बंद पडू नयेत म्हणून विंडोज गुपचूप ते लिखाण ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरकडे वळवू लागले. प्रोग्रॅमला वाटते आपण इथे लिहिले, माणूसही इथेच शोधतो, आणि फाइल असते तिसऱ्याच जागी. जुने मराठी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालवणाऱ्यांनी हा फटका खाल्लेला आहे. पुढे मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणाऱ्या अ‍ॅपसाठी ‘लोकल’खाली ‘पॅकेजेस’ हा आणखी एक पत्ता वाढला.

लिनक्स आणि मॅकवर तरी हे सोपे आहे का? युनिक्समध्ये नावाआधी टिंब असलेली फाइल यादीत दिसत नाही. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाईक यांनी सांगितल्याप्रमाणे हा प्रकार ठरवून झालेलाच नव्हता. यादीतून दोन विशिष्ट नोंदी वगळण्यासाठी केलेल्या घाईच्या कोडमुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल लपू लागली, आणि लोकांनी तोच रिवाज केला. होम फोल्डरमध्ये अशा टिंबवाल्या फाइलींची गर्दी झाली, तेव्हा फ्रीडेस्कटॉप या गटाने 2003 च्या सुमारास ‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’ हा संकेत आखला: सेटिंग ‘.कॉन्फिग’मध्ये, साठवलेला मजकूर ‘.लोकल’खाली ‘शेअर’मध्ये, तात्पुरते सगळे ‘.कॅश’मध्ये. 2021 मध्ये त्यात ‘स्टेट’ या चौथ्या जागेची भर पडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा विचार हाच. प्रत कशाची काढायची आणि काय सोडून द्यायचे, हे फोल्डरच्या नावावरूनच कळते. पण संकेत पाळणे ऐच्छिक आहे. शिवाय उबुंटू 21.10 पासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ पद्धतीने येऊ लागला आणि त्याची सेटिंग ‘स्नॅप’ फोल्डरच्या आत गेली. म्हणजे नीट लावलेले घर पुन्हा विस्कटले. मॅकविषयी इतकेच, की अ‍ॅपलने 2011 च्या लायन आवृत्तीत वापरणाऱ्याचा ‘लायब्ररी’ फोल्डर लपवला, आणि ‘गो’ मेन्यू उघडून ऑप्शन कळ दाबल्याशिवाय तो दिसत नाही.

एवढ्या धांडोळ्यानंतर माझे मत असे झाले आहे की फाइल कुठे ठेवावी हा वाद आता बाजूला ठेवावा. जागा बदलली की जुनी सॉफ्टवेअर तुटतात आणि जुने शिकलेले वाया जाते. प्रश्न पत्ता सांगण्याचा आहे. आपली सेटिंग कुठे आहे हे सॉफ्टवेअरला नेमके ठाऊक असते, कारण दर वेळी सुरू होताना ते तिथूनच वाचते. मग तेच त्याने मेन्यूत का सांगू नये?

ज्यांनी सांगितले, त्यांनी फारसा खटाटोप केलेला नाही. रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएस स्टुडिओच्या फाइल मेन्यूतच ‘सेटिंगचा फोल्डर दाखवा’ असा पर्याय आहे. व्हिडिओने शिकवणारे शिक्षक तो एका क्लिकमध्ये उघडू शकतात. नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूजीआयएसने 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक माणसासाठी वेगळी प्रोफाइल ठेवायची सोय केली आणि सेटिंग्जच्या मेन्यूत ‘चालू प्रोफाइलचा फोल्डर उघडा’ हेही दिले. इंकस्केपच्या पसंतीच्या खिडकीत ‘सिस्टिम’ या पानावर सगळे पत्ते लिहिलेले असतात, आणि बिघडले तर मूळपदावर आणायचे बटणही तिथेच असते.

फायरफॉक्सचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. त्याचा प्रोफाइल फोल्डर ‘फायरफॉक्स’ नावाखाली शोधला तर सापडत नाही, तो ‘मोझिला’खाली असतो. पुढे त्याचे नाव आठ यादृच्छिक अक्षरांनी सुरू होते. पण मदतीच्या मेन्यूतल्या अडचण-निवारणाच्या पानावर गेले की प्रोफाइलच्या ओळीसमोरच ‘फोल्डर उघडा’ हे बटण दिसते, आणि आठ अक्षरांशी आपला संबंधच उरत नाही. मे 2019 च्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सच्या प्रत्येक स्थापनेला स्वतंत्र प्रोफाइल मिळू लागली. दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा टाकलेला फायरफॉक्स त्यामुळे रिकामा दिसू शकतो आणि बुकमार्क गेले असे वाटते, जरी ते शेजारच्या प्रोफाइलमध्ये सुखरूप असतात. पत्ता सांगणारे पान असल्यामुळेच ते परत मिळवता येतात.

मला सर्वांत जास्त आवडते ते लिब्रेऑफिसचे काम. त्याची सेटिंग ‘रोमिंग’मध्ये, ‘लिब्रेऑफिस’, मग ‘4’, मग ‘यूजर’ अशा फोल्डरमध्ये असते. आवृत्ती 24 च्या पुढे गेली तरी फोल्डर अजून 4 च. हा पत्ता कुणालाच आपणहून सुचणार नाही. पण 2017 च्या 5.3 आवृत्तीत त्यांनी ‘सेफ मोड’ आणला. त्यातल्या प्रगत भागात दोन बटणे आहेत: एक प्रोफाइलचा फोल्डर उघडून दाखवते, दुसरे सगळ्या प्रोफाइलची एकच झिप फाइल करून देते. स्वतःचा शब्दसंग्रह, ऑटोकरेक्टची यादी, टूलबारची मांडणी सगळे त्या एका झिपमध्ये येते. फॉरमॅट मारण्यापूर्वी काकांना हवी होती ती चीज हीच. एकच उणीव, की ही बटणे अडचणीच्या वेळी उघडायच्या खिडकीत आहेत. मशीन धडधाकट असताना तिकडे कोण जाते?

आता टॅली. लातूर आणि नांदेडच्या मोंढ्यात, तूर-सोयाबीनच्या आडतीवर, हिशेब बहुधा टॅलीतच असतो. तिथला मुनीम बाकी काही नाही तरी टॅलीचा डेटा कुठे आहे हे बिनचूक सांगतो. याचे कारण टॅलीच्या रचनेत आहे. कंपनी निवडायच्या पडद्यावरच डेटाचा मार्ग डोळ्यांसमोर असतो. रोज दिसणारी गोष्ट पाठ होते. प्रत्येक कंपनीचा फोल्डर पाच-सहा आकडी क्रमांकाचा असतो, तरी त्या क्रमांकाचे कुणाला ओझे वाटत नाही, कारण पत्ता लपलेला नाही. सेटिंगची ‘टॅली.आयएनआय’ फाइलही प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुरात असते, आणि डेटाचा मार्ग, पोर्ट अशा गोष्टी नोटपॅडमध्ये वाचता येतात. टॅलीचा डेटा सहसा वाचतो आणि वर्डची लघुरूपे सहसा जातात. माणूस तोच, फॉरमॅट मारणाराही तोच. एका पत्त्याचे दर्शन रोज होते, दुसऱ्याचे एकदाही होत नाही, एवढाच फरक. फाइली लपवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोंढ्यातल्या या अनुभवाचा विचार करायला हवा.

लपवणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. पहिली हरकत: लोकांना फाइल दिसली की ते ती उघडतील, एखादा स्वल्पविराम खोडतील आणि प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. असे घडते हे खरे. पण त्यावर उपाय लपवणे हा नाही. फाइल बिघडलेली आढळली तर तिला नाव बदलून बाजूला ठेवावे, मूळ सेटिंगने सुरू व्हावे आणि काय केले ते सांगावे, इतके कोणत्याही प्रोग्रॅमला जमते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये फक्त बुकमार्क नसतात, साठवलेले पासवर्डही असतात. फायरफॉक्समध्ये मुख्य पासवर्ड लावलेला नसेल, तर प्रोफाइलचा फोल्डर पेनड्राइव्हवर नेणारा ते पासवर्डही नेतो. ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुकानात दिवसभरात कितीतरी लोकांची लॉगिन होत असतात. बँकेचे, शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे काम तिथेच चालते. अशा मशीनची प्रोफाइल हातोहात फिरणे धोक्याचे आहे. म्हणून प्रत काढायचे बटण देताना सेटिंग आणि गुपिते यांची फारकत करावी लागेल: बुकमार्क आणि मांडणी हवी तर घ्या, पासवर्ड वेगळे, तेही कुलूपबंद. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच करायचे काम आहे. फोल्डर लपवल्याने ही जोखीम कमी होत नाही, कारण चोराला पत्ता आधीच ठाऊक असतो.

तिसरे म्हणणे असे, की आता सगळे क्लाउडवर जाते, फाइलींचे काय घेऊन बसलात? क्रोममध्ये गुगल खात्याने लॉगिन केले की बुकमार्क दुसऱ्या मशीनवर येतात, हे बरोबर. पण वनड्राइव्हने फोल्डर-बॅकअप चालू केला तरी त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट, चित्रे हे नेहमीचे फोल्डर जातात, अ‍ॅपडेटा जात नाही. आणि दुकानात एकाच जीमेलवर तिघे काम करत असतील, तर तिघांची सेटिंग एकमेकांत मिसळते. क्लाउड हा पर्याय आहे, पण ज्याने-त्याने आपले खाते आपल्याच हातात ठेवले तरच.

लपलेला फोल्डर उघडायला आपली माणसे घाबरतात, असेही कुणी समजू नये. मध्यंतरी पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरसचा सुळसुळाट होता. तो खऱ्या फोल्डरांवर लपल्याची खूण लावी आणि त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट ठेवी. तेव्हा ‘लपलेल्या फाइली दाखवा’ची खूण कुठे असते हे कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना शिकवले. गरज पडली आणि कुणी नीट सांगितले, की शिकायला वेळ लागत नाही.

मग इथे काय करता येईल? विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शेजारीच 1981 पासूनचे श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेचे आवार आहे. या आणि लातूर-नांदेडच्या इतर महाविद्यालयांतली मुले शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून सॉफ्टवेअर लिहितात: दवाखान्याची नोंद, आडतीची पट्टी, शाळेचा निकाल. त्यांच्या परीक्षकांनी एक साधी अट घालावी. मदतीच्या मेन्यूत तीन गोष्टी हव्यात: सेटिंगचा पूर्ण पत्ता, तो फोल्डर उघडणारे बटण, आणि सेटिंगची एक फाइल काढून दुसऱ्या मशीनवर चढवायची सोय. कोड फार लागत नाही. पायथन किंवा जावा येणाऱ्या मुलाचे एका दुपारचे काम आहे. एमएस-सीआयटी शिकवणाऱ्यांनी फाइल-फोल्डरच्या धड्यातच अ‍ॅपडेटा एकदा उघडून दाखवावा.

आणि ज्यांचे मशीन याच आठवड्यात फॉरमॅटला जाणार आहे, त्यांच्यासाठी कामाचे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर मारा. लपलेला रोमिंग फोल्डर समोर उघडेल. त्यातला ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डर उघडून ‘ऑफिस’, ‘टेम्प्लेट्स’ आणि ‘यूप्रूफ’ हे तीन फोल्डर वर्ड बंद करून उचला. जमत असेल तर सी ड्राइव्हच्या यूजर्समधला आपल्या नावाचा अख्खा फोल्डरच बाहेरच्या डिस्कवर घ्या, जागा जास्त लागली तरी चालेल. फॉरमॅट न मारता वरूनच विंडोज टाकले असेल, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर दिसतो का ते लगेच पाहा. जुनी सेटिंग त्यात असते, पण विंडोज तो फोल्डर साधारण दहा दिवसांत आपोआप पुसून टाकते. तेव्हा ते काम आजच उरका.